दगडावरचं शेवटचं नाव

झोफियाने आधी खिडकी लावून घेतली, मग रेडिओचा आवाज वाढवला, आणि मगच ती हेलाबाईंच्या समोर येऊन बसली. मे महिन्यातली दुपार होती. बाहेर सफरचंदाच्या झाडांना फुलं आली होती, हवा इतकी छान होती की खिडकी लावायचं कारण मला कळेना. म्हातारीला वारा सोसत नसेल, असं मी मनाशी धरलं.

दोघी पोलिशमध्ये बोलत होत्या. मला त्या भाषेतले नमस्कार, पाणी, आभार आणि कृपा करून एवढेच शब्द येत होते, तेही विमानात शिकलेले. म्हणून मी पुढ्यातला खसखशीचा केक खात दोघींचे चेहरे बघत बसले होते. आल्याआल्या त्या खूप हसल्या होत्या, रडल्याही होत्या. साठ वर्षांनी भेटत होत्या. झोफियाने हेलाबाईंचा हात जो धरला होता तो केक कापायलासुद्धा सोडला नव्हता, मलाच सुरी घ्यावी लागली होती.

मग हेलाबाईंनी पर्समधून आपलं भाषण काढलं आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. थोडंसंच वाचून झालं असेल. झोफिया उठली, तिने खिडकी लावली, रेडिओ मोठा केला, परत येऊन बसली आणि कागदावर पंजा ठेवला.

त्यानंतर तीच बोलत होती. हेलाबाईंनी मध्ये एकदा काहीतरी विचारलं. झोफियाने उत्तरादाखल एक नाव घेतलं. हेलाबाईंचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"गोळी देऊ?" मी हिब्रूत विचारलं.

"नको. तू बस."

झोफियाने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. 'प्रोशे, हेला, प्रोशे,' ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कृपा करून. तेवढा शब्द मला कळला. ती विनवते आहे एवढं समजलं, कशासाठी ते नाही.

शेवटी हेलाबाईंनी भाषणाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "ऊठ. मला आडवं व्हायचंय."

हेलाबाई माझ्या कोण, ते सांगायला हवं. मी मोझेल, मूळची अलिबागजवळच्या पेझारीची. आम्ही बेने इस्राएल. वडिलांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं. आमच्या यहुदी असण्याचं गावाला त्यापलीकडे काही नव्हतं. लग्नानंतर एकाहत्तर साली मी नवऱ्याबरोबर इस्राएलला गेले. तो अश्दोदच्या बंदरात नोकरीला लागला, आणि मुलं मोठी झाल्यावर मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी सोबतीचं काम करू लागले. हेलाबाई निवृत्त शिक्षिका होत्या, गणिताच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना चालताना आधार लागायचा. नवरा गेलेला, मुलगा योराम हैफाला. हिब्रूत अहो-जाहो नसतं, मी त्यांना नुसतं हेला म्हणत असे. पण मनात त्या कायम हेलाबाईच होत्या, म्हणून इथे तसंच लिहिते.

लहानपणी, युद्धात, एका पोलिश कुटुंबाने त्यांना लपवून वाचवलं होतं, एवढं मला माहीत होतं. नवऱ्याचं नाव फ्रांचिशेक, बायकोचं यानिना, आणि त्यांची मुलगी झोफिया, हेलाबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठी, हेलाबाई तिला झोशा म्हणत. अशा वाचवणाऱ्यांची नावं कोरलेली बाग जेरुसलेममध्ये आहे. मी मुलांना घेऊन तिथे गेले होते. या दोघांची नावं तिथे का नाहीत, असं मी एकदा विचारलं.

"यानिनाने नको म्हटलं होतं," हेलाबाई म्हणाल्या.

"का?"

"नको म्हटलं होतं."

त्या असं दोनदा म्हणाल्या की पुढे विचारायचं नसे.

दोन हजार सहा साली फेब्रुवारीत त्या गावच्या नगराध्यक्षांचा फोन आला. गावातल्या ज्या लोकांनी युद्धात यहुद्यांना वाचवलं त्यांचं स्मारक चौकात उभं राहतंय, अनावरण हेलाबाईंनी करावं आणि चार शब्द बोलावं. योराम नको म्हणत होता. हेलाबाई मात्र ऐकेनात.

"यानिना आता नाही," त्या म्हणाल्या. "मला फ्रांचिशेकबद्दल बोलायचंय. आजवर कोणी बोललेलं नाही. त्याच गावात, त्या लोकांसमोर उभं राहून बोलायचंय."

पुढचे अडीच महिने मी ते भाषण ऐकत होते. मी भाजी चिरत असायची आणि त्या टेबलाशी उभ्या राहून पोलिशमध्ये बोलत असायच्या. वर्गात शिकवावं तसा आवाज लागायचा. मला वाटायचं, बाई आभार मानण्याची तयारी करताहेत. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी मी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, फळं. आमच्यात प्रवास सुखाचा व्हावा म्हणून करतात. हेलाबाईंचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण दोन वाट्या खाल्ल्या.

विमानात त्यांनी मला विचारलं, "तुझ्या गावात असं स्मारक आहे?"

"नाही. आमच्याकडे कोणाला लपवावंच लागलं नाही."

"कधीच?"

"माझ्या आजीलाही असं काही आठवत नव्हतं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मग तुला तिथलं कळायला वेळ लागेल," म्हणाल्या.

झोफियाच्या घरून आम्ही चौकाजवळच्या खाणावळीत गेलो, तिथेच वर आमच्या खोल्या होत्या. हेलाबाई संध्याकाळभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. सूप आणलं ते तसंच राहिलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी चौक माणसांनी भरला होता. शाळेची मुलं झेंडे घेऊन, बँड, पाद्री, अंगावर पट्टे लावलेले अधिकारी. मधोमध पांढऱ्या कापडाखाली स्मारक. ल्युब्लिनच्या विद्यापीठात हिब्रू शिकणारी आगाता नावाची मुलगी आमच्यासाठी दुभाषी म्हणून दिली होती. ती माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगत होती.

नगराध्यक्ष मारेक साठीच्या आतबाहेरचे, लालबुंद चेहऱ्याचे, मोठ्या मनाचे गृहस्थ वाटले. हेलाबाईंना गाडीतून उतरवायला ते स्वतः धावत आले. कोपराला धरून, पायऱ्या दाखवत, अगदी स्वतःच्या आईला न्यावं तसं घेऊन गेले. मला माझी खुर्ची त्यांनीच उन्हातून सावलीत सरकवून दिली. झोफिया दुसऱ्या रांगेत बसली होती. काळा कोट, डोक्याला रुमाल. ती आमच्याकडे बघत नव्हती.

मारेक बोलायला उभे राहिले. आगाता सांगत होती, "म्हणताहेत, आमच्या गावाबद्दल जगाने वाईटच ऐकलंय. पण इथे अशीही घरं होती. हे काम मी माझ्या वडिलांसाठी केलं, असं म्हणताहेत."

"त्यांचे वडील?"

"स्तानिस्लाव. त्यांचंही नाव दगडावर आहे. लहान मुलगी लपवलीय हे त्यांना माहीत होतं. विहिरीवर त्यांनी तिला पाहिलं होतं. जर्मनांना सांगितलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही." आगाताने नाक पुसलं. "सांगताना रडताहेत ते."

खरंच रडत होते. रुमाल काढून त्यांनी डोळे टिपले आणि खाली कोणाला तरी हात केला. एक तरुण जोडपं फुलं घेऊन वर आलं. मुलीचे दिवस भरत आले होते, ती एक हात कमरेवर ठेवून चालत होती.

"ही त्यांची मुलगी," आगाता म्हणाली. "आणि तो झोफियाआजींचा नातू. म्हणताहेत, दगडावरची दोन घरं आता एक झाली आहेत. पुढच्या महिन्यात बाळ येईल. ज्यांनी एक जीव वाचवला त्यांच्या घरात देव नवा जीव पाठवतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. मी हेलाबाईंकडे बघितलं. त्या मुलीच्या पोटाकडे बघत होत्या.

दोघांनी मिळून दोरी ओढली, मारेकनी आणि हेलाबाईंनी. कापड खाली आलं. करड्या ग्रॅनाइटचा उभा दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत नावं. फ्रांचिशेक आणि यानिना सगळ्यांत वर. खाली आणखी काही. शेवटचं नाव स्तानिस्लावचं.

मग हेलाबाईंना माइकपाशी नेलं. त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला, आणि कागद न काढताच पर्स मिटली. मागे कुठेतरी एक मूल किरकिरत होतं, त्याला कोणीतरी बाहेर नेलं. मला काळजी वाटली, चक्कर येतेय की काय. मी अर्धी उठलेसुद्धा.

तेवढ्यात त्या बोलल्या. स्वयंपाकघरात ऐकला होता तो आवाज नव्हता. चार-पाच वाक्यं असतील.

"काय म्हणाल्या?" मी आगाताला विचारलं.

"म्हणाल्या, फ्रांचिशेक आणि यानिना यांनी मला भाकरी दिली आणि आपल्या मुलीच्या शेजारी झोपायला जागा दिली. फ्रांचिशेक चांगला माणूस होता. तो फार लवकर गेला. त्याचं नाव इथे लिहिलंत, तुमची आभारी आहे." ती थांबली. "एवढंच. फार साधं आणि सुंदर बोलल्या."

मारेकनी वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. बँड सुरू झाला. दुसऱ्या रांगेत झोफिया मान खाली घालून बसली होती. रुमालामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

जेवणाचा बेत होता, पण हेलाबाईंनी तब्येतीचं कारण सांगून गाडी बोलावली. झोफिया गाडीपर्यंत आली. दोघींनी मिठी मारली नाही. झोफियाने खिडकीतून हात आत घातला, हेलाबाईंच्या गालाला लावला, आणि गाडी हलली.

गाव मागे पडलं, शेतं सुरू झाली. हेलाबाईंनी माझ्याकडून ओला रुमाल मागून घेतला आणि उजवा हात पुसायला लागल्या. पालथा, तळवा, बोटांच्या मधून. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

"त्रास होतोय का?" मी विचारलं.

"मोझेल, फ्रांचिशेक कसा मेला, ते मी तुला कधी सांगितलं?"

"नाही. आजारी होते का?"

"कागदोपत्री घोड्याने लाथ मारली." त्यांनी रुमालाची घडी घातली. "युद्ध संपलं होतं. जर्मन जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. मला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडेच होते. उघड राहत होते, झोशाबरोबर शाळेत जात होते. एका संध्याकाळी गावातली माणसं आली. अंगणात आवाज आला तसं यानिनाने मला उचलून चुलीमागच्या खड्ड्यात घातलं. दोन वर्षं मी त्याच खड्ड्यात काढली होती. तिचे हात आपोआप तिकडेच गेले असणार."

"कशाला आली होती?"

"यहुद्यांनी पोरगी सांभाळायला सोनं दिलं असेल, ते कुठे आहे. यहुदी ठेवून घेणारा श्रीमंत होतो, असं गावात सगळ्यांना वाटायचं. सोनं कुठलं? माझ्या आईने दिलेला एक कोट होता, तोही झोशाला आखूड झालेला." त्या पुढे रस्त्याकडे बघत होत्या. "त्यांनी फ्रांचिशेकला गोठ्यात नेलं. मला फक्त ऐकू येत होतं. तो एवढंच म्हणत होता, नाहीये रे, खरंच नाहीये. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं. तिसऱ्या दिवशी तो गेला. यानिनाने मला त्याच आठवड्यात वूज शहरातल्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं आणि म्हणाली, पत्र लिहू नकोस, कोणाला आमचं नाव सांगू नकोस. मला इथेच राहायचंय, माझी जमीन इथेच आहे."

"आणि ती माणसं?"

"तीही इथेच राहिली. यानिना दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकावर बसायची. मरेपर्यंत."

गाडीवाला काहीतरी गुणगुणत होता.

"मी हे सांगायला आले होते," हेलाबाई म्हणाल्या. "नावं मला माहीत नव्हती. नावांशिवायच सांगणार होते. तुम्ही त्याला वाचवणारा म्हणता, मग त्याला मारणारे कोण, एवढंच विचारणार होते. पण झोशा तेव्हा खड्ड्यात नव्हती. तिने चेहरे पाहिले होते. काल तिने मला एक नाव सांगितलं."

"कोणाचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारायला नको होतं. दगडावर सगळ्यांत खाली कोरलेली ती सोनेरी अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे आली.

"पण तो तर..." मी म्हणाले. "जर्मनांना त्याने सांगितलं नाही, ते..."

"ते खरं आहे. त्याने मला विहिरीवर पाहिलं, आणि सांगितलं नाही. त्यानेही मला वाचवलं. आणि नंतर त्याची किंमत घ्यायला आला."

"नगराध्यक्षांना माहीत आहे?"

"नाही. त्यालाही नाही, त्याच्या मुलीलाही नाही. झोशाने आपल्या मुलालासुद्धा सांगितलेलं नाही. नातवाने लग्न ठरवून आणलं तेव्हा तिने काय करायचं होतं? ती मला म्हणाली, हेला, मुलगी चांगली आहे. मला बाजारातून पिशवी उचलू देत नाही. तिला नववा लागलाय. तू उद्या बोललीस तर त्या पोरांनी एका घरात कसं राहायचं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्या घरात मी लपून होते तेव्हा बाहेर पावलं वाजली की झोशा खड्ड्याच्या फळीवर येऊन बसायची आणि फळीवर हलकेच बोट वाजवायची. म्हणजे गप्प. मी गप्प राहिले म्हणून जगले. आणि ते सगळे जगले. काल तिने परत तेच मागितलं." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, पण रडू आलं नाही. "आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काहीही मागितलेलं नाही, मोझेल. तिचा बाप माझ्यापायी गेला. तिला मी नाही कसं म्हणू?"

मी त्यांचा हात हातात घेतला. तो ओला आणि गार होता.

"फ्रांचिशेकला मी आज दुसऱ्यांदा गाडलं," त्या म्हणाल्या. "बँड लावून."

ल्युब्लिन जवळ आलं. पर्समधलं भाषण त्यांनी मला काढायला सांगितलं आणि मी ते त्यांच्यासमोर बारीक फाडलं. त्यांना स्वतःला फाडवेना.

घरी परतल्यावर त्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. योरामने फोनवर विचारलं, कसा झाला कार्यक्रम, तर म्हणाल्या, छान झाला, लोक फार प्रेमाने वागले. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. तो मला वेगळं म्हणाला, "आईला जाऊन बरं वाटलं ना? मीच उगीच अडवत होतो." मी हो म्हटलं.

जुलैमध्ये पोलंडहून पाकीट आलं. आत एक फोटो. पांढऱ्या झबल्यातलं बाळ, मुलगा. मागे झोफियाच्या अक्षरात दोन ओळी. हेलाबाईंनी वाचून दाखवल्या. मुलाचं नाव फ्रांचिशेक ठेवलं आहे. मारेकनेच सुचवलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो खिडकीपाशी उजेडात धरला. खूप वेळ बघत होत्या. गुटगुटीत बाळ होतं, कपाळ रुंद, भुवया जवळजवळ नाहीतच.

"सुंदर आहे," मी म्हणाले.

"आहे," त्या म्हणाल्या. "मी कोणाचा चेहरा शोधतेय, ते मलाच बघवत नाही. ठेवून दे कुठेतरी."

मी तो औषधांच्या खणात तळाशी ठेवला. पुढच्या वर्षी पेसाखच्या सणाआधी त्या झोपेतच गेल्या. घर आवरताना तो फोटो योरामच्या हाती लागला.

"हे कोणाचं बाळ?"

"पोलंडमधल्या ओळखीच्यांचं," मी म्हणाले.

तो फोटो त्याने बाकी फोटोंबरोबर खोक्यात टाकला. मागच्या ओळी पोलिशमध्ये होत्या, त्याला वाचता येत नव्हत्या.

झोफिया दोन वर्षांपूर्वी वारली, असं आगाताने कळवलं. आता ती संध्याकाळ ठाऊक असलेलं माणूस मीच उरले. माझा फ्रांचिशेकशी काही संबंध नाही, मी त्याला पाहिलेलं नाही, तो माझ्या गावचाही नाही. आगाताने स्मारकाचाही फोटो पाठवला होता. दर मे महिन्यात तिथे शाळेची मुलं फुलं वाहतात, वरच्या नावापासून खालच्या नावापर्यंत, सगळ्यांना सारखी. मारेकचा तो नातू आता त्या मुलांएवढाच झाला असेल, तोही वाहत असेल.

सांगावं असं खूपदा वाटलं. योरामला, नाहीतर आगाताला तरी. पण दर वेळी झोफियाची ती खिडकी लावून घेणं आठवायचं. शेवटी नावं बदलून, गावाचं नाव गाळून, हे मराठीत लिहून काढलं. तिथे मराठी वाचणारं कोणी नाही.